पहिल्या घोड्याचा घाम

"घामानं कधी आजार येतो का? घामानं बरकत येते," सासरे म्हणाले.

"मग या बघायला. बरकत नाकातून वाहतेय," सासूबाई म्हणाल्या.

सकाळी घोडींच्या धारा काढायला घेतल्यापासून हे चाललं होतं. तेरा दिवसांपूर्वी नादामच्या, म्हणजे आमच्या उन्हाळी जत्रेतल्या, शर्यतीत पहिल्या आलेल्या घोड्याभोवती सगळे तुटून पडले. त्याचा घाम कपाळाला लावतातच. पण सासऱ्यांनी निळा रुमाल त्याच्या मानेवरून, तोंडावरून फिरवला, घरी आणला आणि आमच्या कुमैताच्या, तांबड्या घोड्याच्या, नाकपुड्यांना चोळला. तो घोडा शर्यतीनंतर नाक फुरफुरत होता. सासरे म्हणाले होते, दमलाय.

आता कुमैताच्या जबड्याखाली अंड्याएवढी गाठ आली होती. पाणी प्यायलं की नाकातून परत येत होतं. दावणीला बांधलेल्या शिंगरांतली दोन माना टाकून उभी होती.

नोर्जमा, म्हणजे माझ्या सासूबाई, तामीर नदीकाठच्या. एकोणिसाव्या वर्षी या कोरड्या खोऱ्यात आल्या. एकतीस शरद ऋतू सासरचे घोडे जिकडे वळले तिकडे त्यांनी तंबू हलवला. कुठे जायचं हे त्यांना कधी कुणी विचारलं नाही. यंदा प्रथमच सासरे कबूल झाले होते, शरद तामीरकाठी काढू. तिथे सासूबाईंची चौऱ्याऐंशी वर्षांची, डोळ्यांनी अधू झालेली आई होती. गाडी दिसते का, असं ती रोज संध्याकाळी विचारते, असा त्यांच्या बहिणीचा निरोप होता. सामानाच्या दोन पेट्या चार दिवसांपासून दाराशी भरून होत्या.

पण वाटेत एकच विहीर. नऊ घरांचे घोडे तिथल्या एकाच डोणीला तोंड लावतात.

पहाटे निघू, तिथे घोडे थांबवायचेच नाहीत, असं सासऱ्यांचं म्हणणं. माझा नवरा शगदर म्हणाला, उन्हात दिवसभर चाललेल्या चाळीस घोड्यांना पाण्याचा वास आल्यावर कोण आवरणार?

"मी आवरीन."

"तुम्हाला एक रुमाल आवरला नाही," सासूबाई म्हणाल्या.

गुरांच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं होतं, गाठ पिकून फुटते, मोठे घोडे बहुतेक वाचतात, शिंगरांचं सांगता येत नाही. शेवटच्या घोड्याचं नाक कोरडं झाल्यावरही काही आठवडे घोडे वेगळे ठेवा. तोवर तामीरच्या वाटेवरल्या खिंडीत बर्फ पडणार, हे हिशेब न करताही सगळ्यांना कळलं.

"आठ दिवस वाट बघू," सासरे आवाज उतरवून म्हणाले. "तुझी आई वाट बघतेय गं."

सासूबाई दावणीकडे गेल्या. मी दारातून बघत होते. एकेका शिंगराच्या जबड्याखाली बोटं घालत त्या पुढे सरकत होत्या. पाचव्यापाशी हात गाठीवर थांबला. ते त्यांचं लाडकं, करडं. त्याच्या मानेवर त्यांनी थोडा वेळ कपाळ टेकवलं.

परत आल्या. गरम पाण्यानं दोनदा हात धुतले. पेटी उघडून वाट्या काढल्या, फळीवर मांडल्या. तळाशी आईसाठी शिवलेला अस्तराचा अंगरखा होता, तो तसाच राहू दिला. मग लाल फडकं बांधलेला दोर शगदरच्या हातात दिला. घरात आजार असला की वाटेवर तो आडवा बांधतात, म्हणजे कुणी आत येत नाही, आतलंही कुणी बाहेर जात नाही.

"हा वाटेवर बांध," त्या म्हणाल्या. "आपण कुठे जात नाही. हिवाळा इथेच काढायचा."