झील कुणी धरायची?

आमच्या बाबांची छाती राइस मिलनं खाल्ली. गोंदियाच्या मिलमध्ये पोती उचलता उचलता त्यांनी आयुष्यभर कोंड्याची धूळ ओढली. शेवटी शेवटी न्हाणीपासून खाटेपर्यंत यायचं तरी मध्ये एकदा भिंतीला टेकावं लागायचं. आणि हा माणूस दरवर्षी दिवाळीनंतरच्या मंडईत गायचा.

मंडई म्हणजे आमच्याकडची जत्राच. कामठ्याच्या आसपासच्या प्रत्येक गावाची ठरलेली. दुपारी दुकानं लागतात, लेकी माहेरी येतात आणि मंडपात खडी गंमत, म्हणजे आमच्याकडचा तमाशा, उभी राहते. बाबा तिथले शाहीर. शाहिराची ओळ संपली की मागचे झीलकरी तिचं शेवटचं टोक उचलतात, म्हणजे झील धरतात. बाबांच्या दोन झीलकऱ्यांपैकी एक वारला, दुसरा हैदराबादला बांधकामावर गेला. तेव्हापासून आमच्या गावात झील समोर बसलेले लोकच धरायचे. बाबा ओळ टाकून डावा हात मंडपाकडे पसरत, सगळं गाव ती ओळ ओढत नेई, आणि तेवढ्यात बाबा श्वास भरून घेत. ही युक्ती बाहेरच्याला कळायची नाही.

डॉक्टरांनी गाणं बंद करायला सांगितलं होतं. मीही भांडले. बाबा म्हणाले, "अर्धं मी गातो, अर्धं गाव गाते. मले अर्धाच श्वास लागते." त्या शेवटच्या मंडईला मी दम्याचा पंप आणि पाण्याची बाटली घेऊन स्टेजच्या कडेला बसले. आई समोर ताडपत्रीवर, बायकांमध्ये.

बाबा उभे राहिले आणि समोरचे सगळे मोबाईल वर गेले. मला चेहरेच दिसेनात. एक जण गुजरातेतल्या भावाला व्हिडिओ कॉलवर ओरडून विचारत होता, "दिसून राह्यलं का बे?" दुसऱ्यानं आत्ताच घेतलेला तुकडा मोठ्या आवाजात लावून पाहिला. जुनी ओळ आणि चालू ओळ एकमेकींवर आपटल्या, ढोलकीवाला ठेका चुकला आणि बाबांनी मान वळवून त्याला सावरलं. हे दरवर्षी थोडंफार चालायचंच. चिडायचं आणि सोडून द्यायचं.

पण या वेळी वेगळंच झालं. पहिली ओळ संपली, बाबांनी हात पसरला आणि मंडप मूग गिळून बसला. मला आधी समजलंच नाही. मग लक्षात आलं, ही माणसं मुद्दाम गप्प आहेत. आपला आवाज व्हिडिओत येऊ नये म्हणून श्वासही जपून घेत आहेत! अशी शांतता एखाद्या गवयाला सोन्यासारखी वाटली असती. माझ्या बापाला ती फाशी होती. त्यांनी स्वतःच झील ओढली आणि दुसरी ओळ अपुऱ्या श्वासावर उचलली. मी बाजूनं सूर लावला, पण माझा आवाज ढोलकीच्या पुढे गेलाच नाही.

तेवढ्यात आईनं झील धरली. बारीक, चिरका आवाज, पण बरोबर जागेवर. बाबांची छाती भरलेली मी पाहिली. दोन ओळी तशा निभल्या. तिसऱ्या ओळीला आमच्याच आळीतला एक पोरगा, काठीला मोबाईल लावून बसलेला, मागे वळला. "काकू, चूप ना! लाइव्ह चालू आहे. तुमचा आवाज येऊन राह्यला." आणखी दोघी-तिघींनी तोंडावर बोट ठेवून श्श केलं. आईनं पदर तोंडाशी घेतला.

बाबांनी हात पसरलेलाच ठेवला. मग तसेच खाली बसले. लोकांना वाटलं सोंग आहे. मी पंप घेऊन धावले तेव्हा मोबाईल आणखी जवळ आले, आणि मी त्या पोराला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

गोंदियाच्या दवाखान्यातून बाबा घरी आले ते खाटेवरच. ते व्हिडिओ मला कुणी कुणी पाठवत राहिलं. खाली हात जोडल्याची चित्रं. आवाज स्वच्छ आला आहे हे कबूल करायलाच हवं. ओळ, मग रिकामी जागा, मग बाबांचा घरघरता श्वास. एक पूर्ण ऐकला, बाकीचे पुसून टाकले.

एका सकाळी आई बाबांना पेज भरवत होती. बाबांनी चमचा बाजूला केला. दवाखान्यातून आल्यापासून ते एवढं सलग बोलले नव्हते. "लोकायचं जाऊ दे. तू काऊन थांबली वं?"

आईनं जे होतं तेच सांगितलं. "त्या पोराचं रेकॉर्डिंग खराब होऊन राह्यलं होतं."

बाबांनी मान हलवली आणि तोंड उघडलं. आईनं पुढचा चमचा भरवला. त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत, आणि तिला पुन्हा काही विचारलंही नाही. आई अजून रोज संध्याकाळी बुद्धविहारात जाते. वंदनेला सगळ्यांबरोबर उभी राहते, आणि नुसते ओठ हलवते.