गणूदादाचा पाट

भाऊबीजेला दुपारी घोडपदेवला बायआजीच्या चाळीत गेले आणि पोचल्यापासून गॅलरीत नुसत्या येरझाऱ्या... हातात मोबाईल, मोबाईलमध्ये एक फोटो, आणि तो दाखवायची हिंमत नाही. शेजारच्या वहिनी दोनदा डोकावून गेल्या. "काय गं, पार्सल यायचंय का?"

बायआजी म्हणजे माझ्या बाबांची आत्या. नव्वदीला टेकलीय, दात गेलेत, जीभ मात्र शाबूत. तिचा थोरला भाऊ गणूदादा दुसऱ्या महायुद्धात इटलीला गेला तेव्हा ही सहा-सात वर्षांची होती. तो परत आलाच नाही.

गावी सरकारी कागद आला होता, लढाईत मेल्याचा. पणजीने, म्हणजे त्याच्या आईने, तो पत्र्याच्या पेटीत टाकला आणि म्हणाली, कोणी बघितलंय? क्रियाकर्म नाही, श्राद्ध नाही, काही नाही. पुढे बायआजीनेही तेच चालवलं.

दर भाऊबीजेला ती गणूदादाचा पाट मांडते. भोवती रांगोळी, पाटावर सुपारी, त्या सुपारीला ओवाळते आणि समोर ताट वाढते. ते ताट उचलल्याशिवाय स्वतः घास घेत नाही, आणि ते उचलायला तिला फार उशीर होतो...

लहानपणी मी एकदा आगाऊपणा केला होता. म्हटलं, आजी, भाऊ नसतो त्या बायका चंद्राला ओवाळतात, तू पण ओवाळ की! असली भडकली म्हणता... "माका भाव आसा!" परत म्हणून विषय काढला नाही.

या वर्षी मे महिन्यात तिनेच काढला. तापातून उठली होती, आवाज पार खोल गेलेला. "गो, एक सांग माका. दादाक कोणी अग्नी दिल्यान काय? की तसोच पडान ऱ्हवलो?"

बापरे. ऐंशी वर्षं ही बाई हे पोटात घेऊन बसली होती, आणि आम्ही सगळे दरवर्षी करंज्या खाऊन घरी जात होतो.

मी म्हटलं, शोधते. आणि मी एकदा शोधायला लागले की घरच्यांचं काही खरं नसतं. पेटीतल्या कागदावर त्याचा फौजेतला नंबर होता, इंटरनेटवर युद्धातल्या कबरींच्या याद्या होत्या. चार महिने इटलीतल्या एकेका कब्रस्तानाचे फोटो मोठे करकरून बघितले... बसमध्ये, बँकेच्या रांगेत, गॅससमोर उभं राहून. दोनदा डाळ करपली. नवरा म्हणाला, "अगं, जेवताना तरी कबरी नकोत!"

काही म्हणजे काही सापडेना. रात्री डोळे मिटले की पांढरे दगडच दिसायचे. आजीचा फोन आला की ती कधी विचारायची नाही, मीच आपली हवापाण्याचं बोलत सुटायचे...

शेवटी आमच्या ऑफिसातल्या फिलोमिना मॅडमनी लंच टाइममध्ये माझ्या मोबाईलमध्ये डोकं घातलं. त्या दर नोव्हेंबरात त्यांच्या आईवडिलांच्या कबरीवर फुलं घेऊन जातात, त्यांना वाटलं मी तसलंच काही बघतेय. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुझा तो आजोबा ख्रिश्चन होता काय?"

"नाही हो."

"मग कबरीत काय शोधते? तुमच्यात जाळतात ना रे बाबा!"

घास हातातच राहिला. आजी बिचारी सरळ विचारत होती, अग्नी दिला का... आणि मी शहाणी चार महिने दगड चाळत होते! साईटवर सगळीकडे ग्रेव्ह, ग्रेव्ह लिहिलेलं, म्हणून मीही कबरच धरून बसले.

त्याच संध्याकाळी दहन झालेल्या सैनिकांची वेगळी यादी मिळाली. नंबर जुळला, पणजोबांचं नाव जुळलं, गाव जुळलं. यादी ठेवणाऱ्यांना मेल केला आणि ऐन दिवाळीच्या तोंडावर फोटो आला. दगडी भिंत, नावांच्या रांगाच रांगा, त्यात आमचा गणपत. वर कोरलंय की या सैनिकांचे देह त्यांच्या धर्माप्रमाणे अग्नीला दिले.

ऑफिसच्या जिन्यात बसून ढसाढसा रडले. आणि मग खरी तगमग सुरू झाली... हे सांगायचं म्हणजे तिचा भाऊ तिच्याकडून काढून घ्यायचा. मग त्या पाटाचं काय?

चार वाजता आजी रांगोळीचा डबा काढायला उठली, तेव्हा मात्र राहवेना. तिला खाली बसवलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

"अग्नी दिल्यानी?" एवढंच विचारलं तिने.

"होय गं आजी. नीट दिला. एकटा नव्हता, बरोबरचे सगळे होते."

तिचं बोट धरून नावावर ठेवलं. स्क्रीन सारखी बंद पडायची, मी परत चालू करायची. बराच वेळ बोट तिथेच. मग तिने पदराने मोबाईल पुसला, उठली आणि पाट भिंतीला उभा करून ठेवला.

"चंद्र खयसून दिसता गो?"

गॅलरीसमोर टॉवर उभा राहिलाय आणि द्वितीयेची कोर ती, आली आली म्हणेपर्यंत जायची! दिवस मावळताच मी एका बाजूने, वहिनी दुसऱ्या बाजूने, असं तिला धरून गच्चीवर नेलं. दोन टॉवरच्या मधल्या फटीत कोर दिसली, कापलेल्या नखाएवढी. ओवाळायचं ताट मी खालून धरलं. ओवाळताना ती काहीतरी पुटपुटली... ते तिचं आणि त्याचं, मी ऐकायला गेले नाही.

खाली आल्यावर म्हणाली, "वाढ गो. भूक लागली."

फिलोमिना मॅडम, फराळाचा डबा सोमवारी आणतेय, पण त्याने काही फिटायचं नाही हे. भाऊबीजेला दिवेलागणीला जेवणारी बायआजी मी जन्मात पहिल्यांदा बघितली... दोनदा भात मागून घेतला तिने.