ढिम्मरावांची गच्ची

कुरिअर कंपनीत त्यांना सगळे ढिम्मराव म्हणत, आणि त्या नावाला त्यांनी कधी बट्टा लागू दिला नाही. सकाळी चार पार्सलं टाकली की स्वारी वस्तीच्या उत्तर टोकाच्या इमारतीवर चढायची आणि गच्चीत बूड टेकायची. मग आभाळ कोसळलं तरी हलायची नाही.

वस्ती उंच इमारतींची, गल्ल्या बोळकंडीएवढ्या. उपग्रहांचा संदेश खाली धड पोचेना, त्यामुळे फोनवरचा नकाशा पार्सलवाल्याला भलत्याच गल्लीत उभं करी. कंपनीच्या इंजिनिअर बाईंनी तोड काढली: पार्सलवाल्यांच्या फोनांनी एकमेकांना विचारून आपली जागा ठरवायची. पण सगळ्यांनी सगळ्यांना विचारलं तर नुसता गलका, आणि बॅटरी दुपारीच मान टाकी. तेव्हा भरवशाचे मोजकेच फोन निवडायचे ठरले. डोक्यावर मोकळं आभाळ हवं, फोन एका जागी हवा आणि चारही दिशांना एकेक हवा. एकाच कोपऱ्यातल्या दहा जणांना विचारून काय कळणार, कपाळ?

नेमकं तेव्हाच साहेबांनी ढिम्मरावांना नारळ द्यायचं ठरवलं.

"त्यांना हात लावू नका," बाई म्हणाल्या. "उत्तरेला यंत्रणा रोज त्यांनाच निवडते. इतकं स्थिर तिकडे दुसरं कुणी नाही."

"स्थिर? आळशी आहे तो!"

"यंत्रणेला त्यातला फरक कळत नाही, साहेब."

नोकरी वाचली. घरी बायको, जन्मभर कपाळ बडवून घेतलेली, चक्क हसली. "अहो, तुमच्यावाचून कुणाचं अडतं, हे पहिल्यांदाच ऐकते. आता तरी नाव राखा."

ते ढिम्मरावांच्या काळजाला भिडलं. दुसऱ्या दिवशी पठ्ठ्याने पार्सलांचा ढीग उचलला आणि जो धावत सुटला, तो थांबेचना.

दुपारपर्यंत सगळा सावळागोंधळ. उत्तरेला भरवशाचा फोनच उरला नाही. आजीबाईंची औषधं न्हाव्याकडे, न्हाव्याच्या कात्र्या बालवाडीत! साहेबांनी धापा टाकत ढिम्मरावांना भर रस्त्यात गाठलं.

"तुम्हाला काम करायला कुणी सांगितलं? आधी वर जाऊन बसा! पगार वाढवतो, पण बसा!"

घामाने निथळणाऱ्या ढिम्मरावांनी हातातलं पार्सल छातीशी घट्ट धरलं. त्यांचे डोळे भरून आले.

"साहेब, एवढी गल्ली तरी पुरी करू द्या. घरी काय सांगू, आजही बसलो म्हणून?"