वामनभाऊंचे दोन ग्रॅम

कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये बाटल्या संपतात, किस्से काही संपत नाहीत. आमच्या नागपूरच्या, सक्करदऱ्यातल्या लॅबमधले निम्मे तर एकट्या वामनभाऊंचे आहेत. वामनभाऊ आमचे लॅब अटेंडंट, उमरेडच्या विणकर घरातले. बावीस वर्षं सोल्युशन्स तेच बनवतात आणि सगळी वजनं तोंडपाठ!

*

मी इथं शिकवायला नवीन होते तेव्हा एकदा ०.१ मोलरचं मिठाचं द्रावण मागितलं. मी कॅल्क्युलेटर शोधेपर्यंत ते म्हणाले, "लिटरले पाच पॉइंट पंच्याऐंशी." मला सातशे मिली हवं होतं. त्यांनी लिटरभर बनवलं आणि तीनशे मिली शांतपणे सिंकमध्ये ओतलं.

"मले लिटरचंच येते, मॅडम."

*

पण असिस्टंटच्या प्रमोशनची परीक्षा सूत्रावर असते, आणि वामनभाऊ त्यात दोनदा नापास झालेले. पुढच्या वर्षी रिटायरमेंट, म्हणजे ही शेवटची संधी. मग मी डब्याच्या सुट्टीत शिकवणी सुरू केली. मोलॅरिटी गुणिले मोलर मास गुणिले लिटर. पहिल्याच दिवशी त्यांनी अर्ध्या लिटरऐवजी पाचशे घातले आणि कॉस्टिक सोडा आला दोन किलो. स्वतःच वही मिटून म्हणाले, "अर्ध्या लिटरात दोन किलो कसं मावन? काहीतरी चुकून राहिलं."

एवढी अक्कल आमच्या फर्स्ट इयरला असती तर!

*

शेवटी सूत्र त्यांनी आपल्या पद्धतीनं बसवलं. मोलर मास म्हणजे एका साडीचं वजन, मोलॅरिटी म्हणजे एका पेटीत साड्या किती, आणि लिटर म्हणजे पेट्या किती. पोरांना हे इतकं पटलं की एकीनं जर्नलमध्ये चक्क लिहिलं, 'आकारमान = ०.२५ पेटी'. मी तिचे मार्क कापले नाहीत. मला तरी कुठं इतकं सोपं करून सांगता आलं होतं?

*

परीक्षा दुसऱ्या कॉलेजात, ऑगस्टमध्ये, भर पावसात. प्रश्न आला ०.१ मोलर कॉस्टिक सोडा, पाचशे मिली. मी खिडकीशी उभी. वामनभाऊंनी कागदावर बरोबर दोन ग्रॅम काढले, आणि काट्यावर मोजले दोन पॉइंट दोन!

परीक्षकांनी हटकलं. वामनभाऊंनी बाटली पुढे धरली. सोड्याचे दाणे ओल पिऊन एकमेकांना चिकटले होते. यात पाण्याचंही वजन आहे, म्हणून थोडं जास्त घेतलं, असं त्यांनी सांगितलं.

परीक्षकांचा विश्वास बसेना. त्यांनी स्वतः ब्युरेट लावून टायट्रेशन केलं, द्रावणाची तीव्रता तपासली. द्रावण नेमकं ०.१ निघालं. त्यांनी कागदावर 'पास' लिहिलं, सही केली आणि चष्मा काढून विचारलं, "पण हे वरचे पॉइंट दोन सूत्रात कुठे आहेत हो?"

"ज्यानं सूत्र बनवलं ना साहेब, त्यानं ते नागपुरात ऑगस्टमध्ये नसन बनवलं."