वस्तरा आणि उशिरा येणारा बॉल

कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याची एक जुनी शिस्त होती. टीव्हीवर बॉलर धावू लागला की तो वस्तरा उचलायचा, कारण विकेट पडली की गिऱ्हाईक खुर्चीत हमखास उसळायचं. यंदा सामने ॲपवर गेले, म्हणून त्यानेही मुकाट्याने ॲप घेतलं. शेजारचा टेलर मात्र अजून रेडिओच ऐकतो.

परवा पडद्यावर बॉलर पँटवर बॉल घासत होता, म्हणून वस्तरा खुर्चीतल्या काकांच्या गळ्यावर निवांत फिरत होता. तेवढ्यात भिंतीपलीकडून टेलर ओरडला, "गेला रे गेला!" काका दचकले. थोडक्यात निभावलं.

सलूनवाला पडद्याकडे बघतच राहिला. "काका, तिकडे गडी बाद झाला, इकडे बॉल अजून हातातच. मग मधल्या वेळात बॉल असतो कुठे?"

"बॉल कुठेही असो," काका गळा चाचपत म्हणाले, "तुझा वस्तरा कुठे असतो ते आधी बघ."