काचेमामा आणि उकडलेले गहू

आमच्या गल्लीच्या तोंडाशी काचांचं आणि आरशांचं दुकान आहे. दुकानदाराला लहानथोर सगळे काचेमामाच म्हणतात. खिडकीचं तावदान फुटलं, टेबलावरची काच तडकली, की मामांना बोलवायचं. ते येतात, पट्टीनं माप घेतात, जातात आणि नेमकी बसेल अशी काच घेऊन परत येतात. बोलणं कामापुरतंच. माझं चष्म्यांचं दुकान त्यांच्या शेजारी. त्यामुळे दुपारचा चहा बरोबर आणि त्यांची ही हकिगतही त्या चहावरच तुकड्यातुकड्यानं कळलेली.

मामींच्या थोरल्या बहिणीचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा मामी तिच्याकडे राहायला गेल्या. बहीण एकटी, गाव बसनं अर्ध्या दिवसाच्या अंतरावर. ती काठी घेऊन चालायला लागेपर्यंत राहायचं असं ठरलं होतं. बहीण चालायला लागली. मग एका दुपारी मामींचा दुकानात फोन आला. मामा तेव्हा एका दाराची काच कापत होते.

"अहो, मी आता इथेच राहीन म्हणते."

"बरं," मामा म्हणाले.

मामींनी थोडा वेळ वाट पाहिली आणि फोन ठेवला. मामांनी काच पुरी कापली, कडा घासल्या, गिऱ्हाइकाकडे नेऊन बसवली. मला त्यांनी ही गोष्ट आठवडाभरानं सांगितली, तीसुद्धा साखर ढवळता ढवळता, एखाद्या नळाची गळती सांगावी तशी. मी विचारलं, "मग वाईट नाही वाटलं?"

त्यांनी खरंच विचार केला. "नाही हो. काहीच नाही वाटलं. मीच वाट बघतोय कधी वाटतंय त्याची."

त्यांच्यात भांडण म्हणावं असं काही नव्हतंच. मामी बोलायच्या, मामा 'हं' करायचे. पुढे मामींचं बोलणं कमी होत गेलं, तरी मामांचं 'हं' तेवढंच राहिलं. लेक लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेल्यावर घरात रेडिओच काय तो बोलायचा.

मामी गेल्यावर मामांचं वजन उतरत चाललं. पट्ट्याला त्यांनी खिळ्यानं नवीन भोक पाडलं. तपासणीत साखर वाढलेली निघाली. लेकीला कळलं तेव्हा तिनं फोनवर उलटतपासणीच सुरू केली.

"बाबा, आज काय जेवलात?"

"ब्रेड."

"आणि काल?"

"ब्रेडच. दुधाबरोबर."

लेक रुग्णालयात काम करते, कुणी काय खावं हे सांगण्याचंच. तिनं त्यांना वही घ्यायला न लावता सावकाश सांगितलं. अख्खे गहू भिजत घालायचे. दुसऱ्या दिवशी मऊ होईपर्यंत शिजवायचे, पाणी काढून ताटात पसरून गार करायचे. पालक कच्चाच घ्यायचा, कोवळा, हातानं तोडून. सफरचंदाचे तुकडे, संत्र्याच्या सोललेल्या फोडी, थोडे अक्रोड. वरून लिंबू, तेल, मीठ, मिरपूड.

"आणि हे कशाबरोबर खायचं?"

"कशाबरोबर नाही. हेच जेवण. वाडगाभर खाल्लंत की संध्याकाळपर्यंत भूक लागायची नाही."

"भूक तशीही लागत नाही," मामा म्हणाले. लेक म्हणाली, "तरी करा."

पहिल्या दिवशी गहू दातांखाली खडे चावावेत तसे लागले. दुसऱ्या खेपेला शिजून लगदा झाला. पालकाचं पाणी वाडग्याच्या तळाशी साचलं आणि त्यात अक्रोड तरंगले. मामांनी दोन्ही वेळा निमूट खाऊन टाकलं. चवीचं त्यांना काही नव्हतं. पण काम नीट झालं नाही एवढं मात्र खटकलं, म्हणून पुन्हा केलं. हळूहळू गहू जमले. फळं तर ते अशी कापायला लागले की प्रत्येक तुकडा दुसऱ्याच्या मापाचा. एकदा डबा दुकानात आणून माझ्यापुढे धरला. मी म्हटलं, "मामा, सफरचंदाला पट्टी लावली होती की काय?" ते म्हणाले, "लावली होती. धुऊन."

थंडी सुरू व्हायच्या आधी, एका रविवारी, मामी लोकरीचे कपडे न्यायला आल्या. आदल्या दिवशी त्यांनी तसं कळवलं होतं. मामांनी दार उघडलं. मामी आत गेल्या, कपाटातून स्वेटर, शाल काढून त्यांनी पिशवीत भरली आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबल्या. मामा पालक धूत होते.

"हे काय चाललंय?"

"जेवण."

"तुम्ही करताय?"

"हो. बस."

मामी बसल्या. समोरच्या ताटात वाफ जाऊन मोकळे झालेले गहू पसरलेले होते. त्यांनी दोन दाणे उचलून तोंडात टाकले. मग मामांच्या हातातून पाला घेतला.

"असा ओला नाही घालायचा. सगळं पाणी खाली उतरतं." त्यांनी एक स्वच्छ पंचा शोधला आणि एकेक पान टिपून दिलं. मामांनी तोडलं, संत्र्याच्या फोडी घातल्या, लिंबू पिळलं. दोन वाडगे भरले. दोघं जेवले. तिकडची बस वेळेवर असते का, बहीण जिना चढते का, एवढं बोलणं झालं.

वाडगा रिकामा झाल्यावर मामी म्हणाल्या, "मी फोन केला तेव्हा तुम्ही काही विचारलं नाहीत."

"काय विचारायला हवं होतं?"

"का, म्हणून विचारायचं. नाहीतर नुसतं ये म्हणायचं."

"आली असतीस?"

मामींनी चमचा वाडग्यात ठेवला. "माहीत नाही. फोन ठेवला आणि ताईची भांडी घासायला घेतली. वाटलं, आता रडू येईल. म्हणून हात धुऊन बसून राहिले. आलंच नाही. मग उरलेली भांडी घासली."

"मलाही नाही आलं," मामा म्हणाले. "मी वाट बघतोय."

"अजून?"

"अजून."

मामींना हसू आलं, बारीकसं, नाकातनं. मामांना हसू आलं नाही, पण बरं वाटल्यासारखं झालं, असं त्यांनी मला सांगितलं. मग लगेच सुधारलं, "म्हणजे, बरं असं नाही. काहीतरी हललं. जड कपाट जरासं सरकतं ना, तसं."

ते पिशवी घेऊन स्टँडपर्यंत गेले. बस लागलेली होती. मामी चढताना म्हणाल्या, "मी परत राहायला येणार नाही हो. तिथे मला सवय झालीय. कुणीतरी उत्तर देतं."

"कळलं," मामा म्हणाले. आणि मग, बस निघता निघता, खिडकीजवळ जाऊन त्यांनी विचारलं, "का गेलीस?"

इंजिनाच्या आवाजात मामींना ऐकू आलं नसावं. त्यांनी हात हलवला.

घटस्फोट वगैरे काही झालं नाही. कुणी तो विषय काढला नाही. मामी अधूनमधून येतात, कधी कपड्यांसाठी, कधी दात दाखवायला. आल्या की दोघं मिळून ते गव्हाचं करतात. मामा शिजवतात, मामी पाला टिपतात आणि दुपारच्या बसनं परत जातात. मामांची साखर आता आटोक्यात आहे. वजन थोडं भरलं.

परवा चहाला बसलो असताना मामांनी माझ्यासमोरच मामींना फोन लावला. असं मी कधी पाहिलं नव्हतं.

"गहू किती वेळ शिजवायचे?" त्यांनी विचारलं. त्यांना ते पक्कं माहीत आहे, हे मलाही माहीत होतं.

मामींनी काहीतरी सांगितलं. मामा ऐकत राहिले. पलीकडचं बोलणं बराच वेळ चाललं आणि या वेळी मामांनी मध्ये 'हं' केलं नाही. शेवटी म्हणाले, "सफरचंदाऐवजी पेअर? कच्ची मिळतात इकडे. बरं बघतो. आणि ताईंचा खुबा कसा आहे?"

फोन ठेवून ते उठले आणि कोपऱ्यावरच्या फळवाल्याकडून पेअर घेऊन आले. दगडासारखी होती. दुकानाच्या दर्शनी काचेशी, उन्हात, त्यांनी ती पिकायला ओळीनं मांडली आणि कुणाच्या तरी खिडकीचं माप घ्यायला निघून गेले.