आईच्या टाचेतले लाल दाणे

वणीच्या कॉलेजात मी वीस वर्षं जीवशास्त्र शिकवते. रक्तवाहिन्यांचा धडा तर माझ्या डाव्या हातचा मळ. म्हणून आईच्या आतड्यातली कॅन्सरची गाठ काढल्यावर यकृतात आणखी दोन उरल्यात, त्यांच्यासाठी सलाईनमधून एक खास औषध द्यावं लागेल, असं नागपूरचे डॉक्टर म्हणाले तेव्हा ते तिला समजावण्याचं काम मी कुणाला करू दिलं नाही. डॉक्टरांनाही नाही.

"रक्तवाहिनीले आतून अस्तर असते," मी सुरू केलं. "एकाच पेशीच्या जाडीचं. रक्त गोठू द्यायचं नाही, कुठं किती सोडायचं, हे सारं त्या पेशी पाहतात. गाठ वाढली का तिले रक्त पुरत नाही. मंग गाठ त्या पेशींले निरोप धाडते, अन् पेशी नवीन फाटे फोडत तिच्याकडे जातात. हे औषध तो निरोप पोचू देत नाही."

आईनं जन्मभर केळापूरकडच्या आमच्या शेतात कापूस आणि तूर केली. तिला झटक्यात कळलं. "मंजे गाठ तारेवर आकडा टाकून राह्यली," ती म्हणाली. "अन् औषध मंजे आकडे काढणारा लाइनमन."

मी इतकी खूश झाले, की दुसऱ्या दिवशी वर्गात हेच सांगितलं. पोरं हसली, पण धडा कुणी विसरलं नाही.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. जखम होऊ देऊ नका, झाली तर लगेच कळवा. ती मी आईला "जपून राह्य" एवढ्या दोन शब्दांत उरकली. का जपायचं, ते सांगितलंच नाही.

सलाईन सुरू झालं, आणि मग कापसाची पहिली वेचणी आली. आमच्याकडे वेचणीआधी घरची बाई शेतात सीतादही करते. झाडाखाली दगड मांडून पूजा करायची, दहीभात शिंपडायचा आणि मगच पहिलं बोंड वेचायचं. आई अनवाणी निघाली. ताट माझ्या हातात होतं.

"चप्पल घाल."

"सीतादहीले चप्पल? मास्तरीण झाली तं अक्कल गहाण टाकली का वो?"

मी हसले आणि ताट घेऊन पुढं निघाले. परतताना धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, गेल्या हंगामातल्या तुराटीचा खुंट तिच्या टाचेत घुसला. तिनं माझ्या मागून चालता चालता तो उपसला आणि घरी जाऊन हळद दाबली. मला सांगितलं नाही, कारण माझी जीभ तिला माहीत आहे.

तीन आठवड्यांनी पुढच्या सलाईनसाठी तिला न्यायला गावी गेले, तर भर दुपारी ही पायमोजे घालून बसलेली. मी ओढूनच काढले. जखम कालच झाल्यासारखी उघडी होती. पू नव्हता, सूज नव्हती, भरल्याची खूणही नव्हती. नुसता फिकट खड्डा.

"काहून सांगितलं नाही?" मी ओरडले.

"तू चिल्लावतं म्हणून."

मी पुन्हा त्या खड्ड्याकडे पाहिलं. मला माझीच लाज वाटली. टाच भरायलाही त्याच पेशी लागतात. जो बोलावेल त्याच्याकडे त्या फाटे फोडत जातात, मग तो पाय असो की गाठ. आमच्या लाइनमननं साऱ्या गावाचीच लाइन कापली होती, आणि हे मी दरवर्षी फळ्यावर लिहून देते.

डॉक्टरांनी सलाईन थांबवलं. पाय भरेपर्यंत औषध नाही. "तोवर गाठी?" मी विचारलं. "तेवढा धोका घ्यावा लागेल," ते म्हणाले. आई समोरच बसली होती.

तिला मी वणीला आणलं. रोज सकाळी कॉलेजला निघण्याआधी पट्टी बदलायची. पहिले दोन आठवडे खड्डा होता तसाच होता. मी वैतागायची, आई शांतपणे पाय पुढं करायची. मग एका सकाळी तळाशी बारीक लाल दाणे दिसले. वीस वर्षं हे चित्र मी वर्गात दाखवत आले, पण ते पाहून कधी नाचावंसं वाटलं नव्हतं.

"आई, पाह्य! हे दाणे मंजे नव्या रक्तवाहिन्या. पेशी कामाले लागल्या!"

तिनं वाकून बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे बघितलं.

"मंजे आत बी आकडे पडले असतील."

माझ्याकडे उत्तरं नेहमीच तयार असतात. दोन-तीन तेव्हाही होती, चांगली गोड. मी ती गिळली.

"पडले असतील," मी म्हणाले.

"बरं." तिनं पाय उचलून माझ्या मांडीवर नीट ठेवला. "मंग पट्टी घट्ट बांध. पाय भरला का त्याच दिवशी नागपूरले निघू. लाइनमनले सांग, या खेपेले मी चप्पल घालून येतो."